पहिल्या हाकेला ओ देऊ नये

शोभे,

तुझ्या तेरवीचं जेवण आटोपून मी घरी येऊन जरा टेकले, तोच कापसाच्या जिनिंगच्या मालकांचा फोन आला. तुझ्याबद्दल दोन शब्द बोलतील असं वाटलं. बोललेही, पण लगेच मुद्द्यावर आले. "मॅडम, तुमच्या मैत्रिणीनं लावून दिलेली शिस्त पार मोडली. आता तीन हाका मारल्या तरी कोणी ओ देत नाही. बायांचं काहीतरी ट्रेनिंग घ्या." मी बघते म्हणाले, फोन ठेवला आणि सवयीनं लगेच तुलाच लावायला गेले. फोनमध्ये तुझं नाव अजून सगळ्यात वर आहे. ते काढायचं माझ्याच्यानं होत नाही.

तेरवीला लोक तुझ्याबद्दल भरभरून बोलले. "फार शांत बाई होती," असं तुझ्या शेजारणीनं सांगितलं तेव्हा मला हसू आवरेना. तोंडाला पदर लावून बसले, लोकांना वाटलं रडतेय. तू आणि शांत! मालकाच्या केबिनमध्ये टेबलावर हात आपटून "तुमच्या बायायले काही शिकवाची गरज नाही, तुमाले आहे" म्हणणारी तू. मग खरंच रडू आलं, आणि पदर तोंडाशीच होता ते बरं झालं.

जेवून उठलीस, हात धुवायला मोरीकडे गेलीस आणि तिथंच भिंतीला टेकून बसलीस, एवढंच भावजींनी सांगितलं. मी जास्त विचारलं नाही. माझ्या जागी तू असतीस तर विचारलं असतंस. त्याच्या आधी काय झालं, त्याच्याही आधी काय झालं? तुला प्रत्येक गोष्टीच्या आधीचं हवं असायचं. तेच तर आपलं काम होतं आणि त्यावरूनच आपण इतकी वर्षं भांडलो.

तुम्ही दोघी नक्की काय करता, असं कोणी विचारलं की मी सांगायची, "कारखान्यांत, दवाखान्यांत, दुकानांत माणसांना ट्रेनिंग देतो." तू मध्येच तोडायचीस. "ट्रेनिंग द्याचं का नाही, ते पाह्यतो आधी." मला उभं राहून बोलायला आवडायचं. खेळ, गोष्टी, टाळ्या, शेवटी सगळ्यांचा फोटो. तू म्हणजे कामाच्या जागी जाऊन नुसती बसायचीस. दिवसदिवस. आणि मनात तीनच प्रश्न घोळवायचीस: या माणसाला हे येत नाही का? येतं, पण करता येत नाही का? की करता येतं, तरी करत नाही? पहिल्याचं उत्तर हो असेल तरच शिकवायचं. बाकी दोन्हींना शिकवणं म्हणजे पोट दुखतंय आणि ओवा कपाळाला, हे तुझंच.

मलकापूरच्या त्या दाळमिलचं आठवतं? वजन करणारी माणसं रोज चुकतात, त्यांना अचूकतेचं ट्रेनिंग द्या, असं मालकाचं म्हणणं. मी रात्र जागवून सगळा कार्यक्रम बसवला. तू दिवसभर पोत्यांवर बसून राहिलीस आणि संध्याकाळी म्हणालीस, "काट्याच्या वरचा लाइटचा बल गेला आहे, आकडे दिसत नाही. बल लावा." संपलं ट्रेनिंग. मी मलकापूर स्टेशनपर्यंत तुझ्याशी बोलले नाही. तू शेंगदाण्याची पुडी माझ्यापुढे धरून चालत होतीस. शेवटी पुडी मीच संपवली, पण बोलले नाहीच.

आणि मग हे जिनिंग आलं. ते आलं नसतं तर, असं आता रोज मनात येतं. लगेच तुझा आवाज ऐकू येतो, "त्याच्या आधीचं सांग." सांगते. तुला सगळं माहीत आहे, तरी सांगते. तुझ्याशी बोलायला आता दुसरं काय आहे माझ्याकडे?

कापसाचा हंगाम नुकताच लागला होता. आवारात कापसाच्या गंज्या उभ्या होत्या, आत जिनच्या दोन ओळी. बाया वरून कापूस टाकतात, सरकी खाली पडते, रुई पुढे सरकते. यंत्रं सुरू असली की शेजारच्या बाईशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. मालकांची तक्रार अशी की बायांचं लक्ष नसतं. मागच्या हंगामात एका गंजीला आग लागली, मुकादम एकेकीचं नाव घेऊन ओरडला, कोणी मान वळवली नाही. नशिबानं कोणाला काही झालं नाही. मालकांनी सगळ्यांचे कान तपासून घेतले. कान ठणठणीत. म्हणजे लक्ष देण्याचंच ट्रेनिंग हवं. माझ्या डोक्यात नावसुद्धा तयार होतं: 'सजग कामगार'.

तू बसलीस. बायांबरोबर भाकर खाल्लीस, त्यांच्याबरोबर कापूस टाकलास, केसांत रुई घेऊन हिंडलीस. दोन-चार दिवसांनी मला जिनच्या दारात उभं केलंस आणि म्हणालीस, "पाह्य." मग आत तोंड करून हाक मारलीस, "रुखमे!"

रुखमा म्हणजे ती उंच बाई, कपाळावर गोंदण असलेली. दारापासून चार हातांवर होती. हात थांबला तिचा. ऐकलं होतं तिनं. पण मान वर केली नाही.

"रुखमे!"

आता शेजारच्या बाईचाही हात थांबला. दोघी खाली बघत उभ्या.

"रुखमे!"

"ओ!" रुखमा लगेच वळली आणि हसली.

त्याच रुखमाला बाहेर निंबाखाली एकदा हाक मारली तर ती अर्ध्या नावातच ओ द्यायची. आतमध्ये मात्र तिसऱ्या हाकेशिवाय नाही. तीच काय, कोणीच नाही.

मग भाकरीच्या वेळी बायांनीच सांगितलं. आत, दोन्ही ओळींच्या मागे, रुईच्या गाठी बांधायची जुनी प्रेस आहे. बंद पडलेली. तिकडून आवाज येतो. खूप वर्षांपूर्वी एक बाई त्या आवाजाला ओ देऊन गेली आणि यंत्राच्या पट्ट्यात सापडून मेली. तिला कोणी बोलावलंच नव्हतं. "ते एकदा हाका मारते, कधी दोनदा मारते," रुखमा म्हणाली. "तिसरी हाक त्याले मारता येत नाही. अन् आवाज वळखीचा राह्यते मॅडम. ज्याच्यात आपला जीव आहे न, त्याचाच राह्यते."

त्या दिवशी परतताना आपण कडाकडा भांडलो. मी म्हणाले, आता हे सरळ अंधश्रद्धेचं प्रकरण झालं, एक चांगला कार्यक्रम करू, बायांना हसवू, त्या जुन्या प्रेसमध्ये सगळ्यांना नेऊन चहा पाजू. तू म्हणालीस, "त्यायले काय येत नाही, सांग बरं? ऐकू येते. समजते. त्यायनं एक बाई मेल्यावर नियम केला, अन् पाळून राह्यल्या. त्या नियमानं कोनाकोनाले वाचवलं, तुले काय मालूम? एवढ्या आवाजात अर्धीमुर्धी हाक ऐकून पट्ट्याकडं पळणं चांगलं आहे का?"

"म्हणजे भुताच्या सोयीनं कारखाना चालवायचा?"

"भुताच्या नाही वं. बायायच्या."

तुझं म्हणणं असं, की नियम बायांचा, तर तो मालकांनाही लागू करा. आतमध्ये कोणीही कोणाला बोलावलं तर नाव घेऊन लागोपाठ तीन हाका. मुकादमानं तीन, मालकांनी तीन. आणि त्याच्याही आधी पट्ट्यांना जाळ्या बसवा. मालक जाळ्यांना म्हणाले हंगामानंतर, तीन हाकांना मात्र हो म्हणाले, कारण त्यात त्यांचं जात काहीच नव्हतं. तुझं टेबलावर हात आपटणं तेव्हाचंच. पण नियम चालला, शोभे. मुकादम पहिले दोन दिवस लाजत लाजत तीन हाका मारत होता, मग त्याचा सूरच बसला. बाया चटकन वळायला लागल्या. मालक खूश. माझा 'सजग कामगार' पिशवीतून बाहेरही आला नाही. मी फुरंगटून बसले. तू दुरून माझ्याकडे बघून भुवया उडवत होतीस, तेवढी मस्ती तुझ्यात नेहमीच होती.

आता ती दुपार.

बाया जेवायला बाहेर गेल्या होत्या. यंत्रं थांबली होती. तुला जुन्या प्रेसपाशी बसायचं होतं. का, विचारलं तर म्हणालीस, "त्या जागेले पाह्यल्याबगैर काम पुरं नाही होत." मी ऑफिसात चहा घेत बसले. थोड्या वेळानं तू आलीस. केसांवर, पापण्यांवर रुईचे तंतू, आणि चेहरा असा की मी कप खाली ठेवला.

"मधे, तुनं मले हाक मारली का?"

"मी? मी तर इथं चहा पितेय."

"मंग कोनं मारली?"

"मुकादमानं मारली असेल."

"मुकादम मले 'शोभे' म्हणते का वं?"

तुला शोभे म्हणणारी तुझी आई, ती गेली. आणि मी. मुकादम हसला, म्हणाला यंत्रं थांबली की कानात असंच वाजत राहतं, सवय नसलेल्या माणसाला काहीही ऐकू येतं. मलाही ते पटलं, अजूनही पटतं. दिवसभर त्या घरघरीत राहिल्यावर घरी कुकरच्या शिट्टीतसुद्धा मला नावं ऐकू यायची. मी तुला म्हणाले, "किती हाका आल्या?"

"एकच."

"मग? तू काय केलंस?"

"ओ देल्ली न."

मी खोखो हसले. इतके दिवस नियम नियम करून बायांची बाजू घेणारी तू, आणि पहिल्याच हाकेला ओ! तूही हसलीस. पण बाहेर निंबाखाली बायांना ही गोष्ट तूच सांगितलीस, हसत हसत, आणि तिथं कोणी हसलं नाही. रुखमा उठली आणि तिनं तुझ्या डोक्यावरून मूठभर सरकी उतरवून बाहेर फेकली. तू मुकाट्यानं उतरवू दिलीस. तुला भीती वाटली होती का गं? हे मी तुला तेव्हा विचारलं नाही आणि पुढेही विचारायचं राहिलं. तू या सगळ्यावर विश्वास ठेवतेस की नाही, हा आपला वाद रोज अर्ध्यावर सोडून आपण घरी जायचो. बसमध्ये एकदा मी खनपटीलाच बसले तर म्हणालीस, "इस्वास ठेवाचा का नाही हे मले नाही मालूम. बाया ठेवतात, एवढं मालूम आहे. मी त्याच्यावर काम करतो."

पुढे काही आठवड्यांत तू गेलीस. हंगाम अजून चालूच होता.

मालकांच्या फोननंतर मी एकटीच गेले. आयुष्यात पहिल्यांदा तुझ्याशिवाय. पोचल्यावर कळलं की मालकांनी फोनवर अर्धंच सांगितलं होतं. सुनंदाचा पदर पट्ट्यात गुंतला होता. सुनंदा म्हणजे रुखमाची सख्खी जाऊ, ठेंगणी, सतत बडबडणारी. ती ओरडली, रुखमे रुखमे करत राहिली, आणि हाताच्या अंतरावर तिच्याकडे पाठ करून उभी असलेली रुखमा कानांवर हात ठेवून तशीच उभी राहिली. पातळ जुनं होतं, फाटलं, म्हणून सुनंदा वाचली. त्यानंतर मालकांनी तीन दिवसांत जाळ्या बसवल्या. तुझं मागणं पुरं झालं, पण असं. जाळी पट्ट्याला बसते. गंजी आहे, प्रेस आहे, खाली सरकीचा खड्डा आहे, तिथं कशाकशाला जाळी बसवणार? मालकांनी भोंगासुद्धा आणून लावला. पण अडकलेल्या माणसाला भोंग्यापर्यंत हात नेता येत नाही. त्याच्याकडे आवाज तेवढा असतो.

दोघी जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या. सुनंदा मला म्हणाली, "सख्खी जाऊ हाये माही. एका चुलीवर जेवतो. मी मरून राह्यली होती अन् हे कानावर हात ठेवून उभी!"

रुखमाला बोलतं करायला वेळ लागला. मी नुसती तिच्या शेजारी उभी राहून कापूस टाकत राहिले, तू करायचीस तसं. शेवटी तीच बोलली.

"म्या ऐकलं मॅडम. खोटं काऊन बोलू? चांगलं ऐकलं. मले वाटलं, शोभाबाईच हायेत."

"पण तीन हाका झाल्या होत्या ना?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी खुळ्यासारखं काहीतरी विचारलंय. "तीनचं तं त्यायलेच मालूम हाये न! त्यायनंच तं सगळ्यायले लावून देल्लं. बाकीच्यायले तिसरी हाक येत नाही. शोभाबाईले येते."

शोभे, मी तिथंच सरकीच्या पोत्यावर बसले. तू घालून दिलेल्या नियमातून आत यायची वाट एकट्या तुलाच माहीत, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. आणि एकटी रुखमा नाही. दुसऱ्या ओळीतल्या बाया सांगत होत्या, जेवणाच्या सुट्टीत, यंत्रं थांबली की जुन्या प्रेसकडून आवाज येतो. आधी यायचा तसा नुसता नाव घेणारा नाही. "काय करता वं? असंच काऊन करता?" असं विचारतो म्हणे. तुझे प्रश्न, तुझ्या सुरात. एकीनं तर मला हळूच विचारलं, "त्यायचं काम राह्यलं का काही पुरं व्हायचं?"

मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून स्पष्ट सांगितलं, अंधश्रद्धेवर दणदणीत व्याख्यान द्या. मला ते द्यायला कितीसा वेळ लागला असता? माझ्याजवळ सगळं होतं. पण उभी कशी राहू? काय सांगू? की तुमची शोभाबाई ओ दिल्यामुळे मेली नाही, तिचं हृदय बंद पडलं? त्या म्हणणार, हाव, पण काऊन बंद पडलं? त्याच्या आधीचं सांगा. तूच शिकवून गेलीस त्यांना.

मी तुझे तीन प्रश्न लावून पाहिले. रुखमाला येत नाही का? येतं. करता येत नाही का? येतं, वळून हात पुढे करायचं तर काम. करत नाही का? शोभे, ती जावेसाठी जीव टाकते. तुझे तिन्ही प्रश्न संपले आणि रुखमा तिथंच कानांवर हात ठेवून उभी राहिली. मला तुझा इतका राग आला म्हणून सांगू! जायचंच होतं तर आधी हंगाम तरी संपवायचास. वाद तरी पुरा करायचास.

मग तू करायचीस तेच केलं. जेवणाच्या सुट्टीत जुन्या प्रेसपाशी जाऊन बसले. बायांनी पाहिलं. कोणी अडवलं नाही, पण कोणी जेवायलाही गेलं नाही. सगळ्या दारात गोळा होऊन उभ्या राहिल्या.

यंत्रं बंद झाली तसं एकदम ऐकू येणं बंद झाल्यासारखं वाटलं. मग हळूहळू बारीक आवाज परत आले. पत्र्यावर चिमणी, सरकीच्या ढिगातून घरंगळणारे दाणे. वरच्या झरोक्यातून ऊन येत होतं आणि त्यात रुई तरंगत होती, खाली बसतच नव्हती. जुनी प्रेस उंच आणि काळी. तिच्या पोटात कापसाचं एक जुनं बोचकं अडकून राहिलेलं, कोणी काढलेलं नाही. मी त्याच्याकडे बघत बसले. खरं सांगते, मी तुझ्याबद्दल विचारही करत नव्हते. दूधवाल्याला उद्या नको म्हणून सांगायचं राहिलं, असं काहीतरी डोक्यात होतं.

"मधे."

माझं नाव. आवाज जरा चिडका, घाईतला. बस सुटायला आली की तू मारायचीस तसा.

मुकादमाचं सगळं म्हणणं मला पाठ होतं. कान, घरघर, सवय. ते सगळं त्या क्षणीही आठवलं. मी दाराकडे पाहिलं. बायांनी काही ऐकलं की नाही, मला सांगता येणार नाही. सुनंदा खाली बघत होती. रुखमाचे दोन्ही हात कानांवर होते, पण डोळे माझ्यावर. मी काय करते ते बघत होती.

नंतर मालकांना मी सांगितलं की बायांसमोर उदाहरण घालून द्यायचं म्हणून मी तसं केलं, ती ट्रेनिंगची एक पद्धत असते. मालकांनी मान डोलवली. पण तुझ्याशी काय खोटं बोलायचं? मला बाया आठवल्या नाहीत, नियम आठवला नाही. तू हाक मारलीस. तेव्हा कळलं की त्या दुपारी तुला एवढा मोठा नियम तोंडपाठ असून पहिल्याच हाकेला ओ का द्यावीशी वाटली. तुला तो आवाज माझा वाटला होता. त्यावर मी खोखो हसले होते.

"ओ!" मी ओरडले. "ओ शोभे! आले!"

आवाज पत्र्यावर आपटून परत आला. मी उठले, प्रेसच्या मागे गेले. तिथं कोणी नव्हतं. भिंत होती आणि भिंतीशी रुईचा जाड थर, त्यावर कोणाचं पाऊल नाही. मी थोडा वेळ थांबले. मला वाटलं तू आणखी काही बोलशील. मग चालत दाराशी परत आले.

रुखमानं कानांवरचे हात काढले आणि माझा हात धरला. गरम आहे का, ते पाहिलं. मग दुसरा हात पाहिला. मग म्हणाली, "आता पाहू."

तिचं 'पाहू' म्हणजे काय ते सुनंदानं मला फाटकापर्यंत सोडायला येताना सांगितलं. बायांनी आपसांत ठरवलं होतं. मॅडमनं सगळ्यांदेखत पहिल्या हाकेला ओ दिली. शोभाबाई ओ देऊन गेल्या. आता मॅडम हंगामभर धडधाकट राहिल्या, तर शोभाबाईची हाक वाईट नाही असं समजायचं. मग कोणीही हाक मारली, कितीही वेळा मारली, तरी धावायचं. आवाज शोभाबाईचा असला तर असला. "अन् तोपर्यंत?" मी विचारलं. "तोपर्यंत डोळ्यानं पाह्यतो आमी," ती म्हणाली. "जोडीजोडीनं उभ्या राह्यतो. एकमेकीवरून नजर नाही काढत." मग म्हणाली, "मी रुखमाच्या जोडीले हाये."

हे मालकांना अहवालात कसं लिहायचं ते मला कळेना. जोड्या लावल्या, एवढं लिहिलं. गरज काय होती आणि उपाय काय केला, या रकान्यात तू काय लिहिलं असतंस कोण जाणे. बहुतेक रकानाच खोडला असतास.

आता रुखमा रोज सकाळी कामावर जाण्याआधी फोन करते.

"मॅडम, आहा न?"

"आहे गं."

"बरं," म्हणते आणि ठेवून देते. तेवढंच. मग जिनच्या दारात उभी राहून ती बाकीच्यांना सांगते म्हणे, आज बी आहेत. एकदा मी आंघोळीला गेले होते, फोन घेता आला नाही. तर दुपारपर्यंत आत कोणी कोणाकडे पाठ केली नाही. सर्दी झाली तर मी खोकला दाबून बोलते. भावजी परवा म्हणाले, तुम्ही बारीक झालात, दवाखान्यात दाखवा. मी गेले, दाखवलं, सगळ्या तपासण्या केल्या. असं कधी केलं नव्हतं मी. रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघते. जेवून उठले की मोरीकडे जाताना भिंतीला हात लावून जाते, आणि हात धुऊन परत येईपर्यंत माझ्या मनात काय काय येतं ते तुला सांगायची गरज नाही.

मला तुझ्याकडे यायचं नाही असं नाही. तू गेल्यापासून दिवस नुसते पडून असतात. कोणाशी भांडू? खरं सांगायचं तर त्या दुपारी 'आले' म्हणाले, ते मी मनापासून म्हणाले होते.

पण शोभे, गंज्या अजून उभ्या आहेत. जिन सुरू आहे. दोघी जावा आता एका डब्यातून खातात, मात्र आत गेल्या की अजून कान टवकारून, एकमेकींवर डोळे लावून उभ्या असतात. मला इतक्यात काही झालं, तर त्या घरघरीत कोणी कोणाला कधीच ओ देणार नाही. जीव तोडून ओरडलं तरी नाही.

म्हणून हात जोडते बाई, हंगाम संपेपर्यंत मला हाक मारू नकोस. शेवटची गंजी हलू दे, जिन थांबू दे, रुखमा-सुनंदा धडधाकट आपल्या घरी जाऊ देत. मग मार. तीनदा नको, एकदाच मारलीस तरी पुरे.